सावड

सासूबाईंची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, बारशाला काय आलं, ते त्या नातवंडांकडून लिहवून घ्यायच्या. स्वतःला लिहिता येत नव्हतं. घेतलेलं विसरायचं नाही, एवढाच त्या वहीचा कायदा. 2008 साली मी जे घेतलं ते कोणाच्या नावापुढे लिहायचं, हे मात्र आम्हा दोघींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

लोणी भापकरमध्ये माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज, भैरवनाथाच्या जत्रेचं पत्रक. कॉम्प्युटर पुण्याहून आणलेला, सेकंडहँड, आणि त्यात चोरीची विंडोज एक्सपी. पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाबरोबर व्हायरसही यायचा. मग दुरुस्तीवाला यायचा आणि तीनशे रुपये घेऊन ‘फॉरमॅट मारावा लागंल’ म्हणायचा. एकदा त्याने न विचारताच मारला. चार वर्षांच्या पत्रिका गेल्या, त्याचं एवढं नाही. सासऱ्यांनी ओसरीवर बसून सांगितलेली घराण्याची वंशावळ मी त्यात टाइप करून ठेवली होती, तीही गेली. पुन्हा सांगायला सासरे तोवर राहिले नव्हते.

आमच्या आळीतला एक मुलगा तेव्हा बारामतीला इंजिनिअरिंगला होता. मला काकी म्हणायचा. त्याच्या कानावर हे गेलं आणि पुढच्या रविवारी तो एसटीने आला, तो पुठ्ठ्याच्या पाकिटातली एक डिस्क घेऊनच. उबुंटू, 8.04, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली. परदेशातून टपालाने त्याला फुकट आलेली. दक्षिण आफ्रिकेचा मार्क शटलवर्थ 2002 साली स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आला होता. त्याची कंपनी तेव्हा मागेल त्याला अशा डिस्का घरपोच पाठवायची. मला हे ऐकून विश्वास वाटण्याऐवजी संशयच आला. ज्याला अंतराळात जायला परवडतं, त्याला माझ्या दुकानाची काय पडलीय?

“काकी, आधी नुसतं बघा. तुमच्या डिस्कला हातसुद्धा लावत नाही.”

खरंच, सगळं त्या सीडीवरूनच सुरू झालं. तपकिरी पडदा आणि त्यावर रेघांनी काढलेला बगळा. त्या आवृत्तीचं नावच बगळ्यावरून ठेवलेलं होतं. आमच्या मल्लिकार्जुनाच्या पुष्करणीत पाणी असलं की पायरीवर असाच एखादा उभा असतो. मी म्हटलं, टाक बाबा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. माझा प्रिंटर तीन आठवडे मुका होता. दुकानात इंटरनेट नव्हतं, म्हणून पोरगा बारामतीत प्रोग्रॅम उतरवून पेनड्राइव्हवर आणायचा. तो इथे चालवला की आणखी दोन मागायचा. मग पुढचा रविवार. लिनक्स अगदी सोपं आहे असं सांगणाऱ्यांनी स्वतःचा प्रिंटर कधी लावला नसावा. भारनियमनात वीज मधेच जायची, ती आल्यावर कॉम्प्युटर स्वतःची डिस्क तपासत बसायचा आणि मी गिऱ्हाइकाला चहा पाजत बसायची.

खरी परीक्षा बोटांची झाली. मी टाइपरायटरवर मराठी चाळीसची परीक्षा दिलेली. इथे कीबोर्डची मांडणी इनस्क्रिप्ट: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पंधरा दिवस बोटं जुन्या जागी जायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. मग एकदा त्यातली मांडणी दिसली. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण. ल वर शिफ्ट दाबली की ळ. ज्याने कोणी हे बसवलं त्याने बाराखडी मनात घोळवून बसवलं होतं.

आणि मग ‘कऱ्हा’. मोरगाववरून बारामतीकडे जाणारी आमची नदी. तिच्या नावातलं ते वळण जुन्या फॉन्टात तक्त्यातून शोधून आणावं लागे, आणि मजकूर छापखान्यात दुसऱ्या मशीनवर उघडला की त्याची गिचमिड होई. कारण प्रत्येक फॉन्टवाल्याने अक्षरांना आपापले नंबर दिलेले. युनिकोडमध्ये एका अक्षराचा एकच नंबर, मग मशीन कुठलंही असो. शिफ्ट धरून र, मग हलन्त, मग ह. नाव नीट उमटलं. मी ते ओळभर पुन्हा पुन्हा टाइप केलं.

ते अक्षर ज्या फॉन्टात उमटलं त्याचं नाव लोहित, म्हणजे तांबडा. रेड हॅट कंपनीने तो 2004 साली सगळ्यांसाठी खुला केला, त्यावरून हे नाव सुचलं असावं. लोहितची घडण पुण्यातच झालेली. मुंबईतून इंडलिनक्सवाल्यांनी आपल्या भाषा लिनक्सवर आणायचं काम आधीच हाती घेतलं होतं. ‘रद्द करा’, ‘जतन करा’ हे शब्दही कोणीतरी आपलं कामधाम सांभाळून बसवलेले. श्रेयनामावली उघडली तर त्यात मराठी आडनावं दिसली, आमच्याच एखाद्या पत्रिकेतल्यासारखी.

हे सगळं पोरगा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना सांगायचा. 1983 साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमनने सगळ्यांना वापरता, उघडून बघता, बदलता येईल अशी प्रणाली लिहायची ठरवली. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहायला घेतला. मग जगभरच्या लोकांनी हात लावला. पोराने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. भाकरी मात्र तीन खायचा.

सासूबाई चुलीपुढून ऐकत होत्या. “म्हंजी सावडच की,” त्या म्हणाल्या. “आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.”

“तसंच, आजी.”

“मग आपल्या पाळीला आपण कुठं जायचं?”

पोरगा घास हातात धरून थांबला. पेरणीला शेजारी औत घेऊन आला आणि आपल्या पाळीला आपण गेलो नाही, तर पुढच्या मृगाला कोणी फिरकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढे वर्षभराने एका प्रोग्रॅममध्ये मला ‘पुर्ण’ दिसलं, पहिल्या उकारासह. टायपिंगवाल्या बाईला असलं चालत नाही. पोराने लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूची भाषांतरं जिथे होतात त्या साइटवर, माझं खातं उघडून दिलं आणि मी ‘पूर्ण’ लिहून पाठवलं. घरी येऊन मोठ्या अभिमानाने सासूबाईंना सांगितलं, की जाऊन आले आपल्या पाळीला.

“किती काम केलंस?”

“एक शब्द.”

त्यांनी वही मांडीवरून उचलून मला दिली, लिहायला नाही, ठेवून द्यायला. “यवढ्यानं काय फिटतंय,” म्हणाल्या, “उद्या परत जा.”