झोपलेल्या गाड्या आणि कामावरच्या गाड्या

या वीकेंडचा विषय आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पळायचंय त्यांना वेळेत पळता येईल. विषय आहे पार्किंगचे नियम! रस्त्यावर 'नो पार्किंग'ची पाटी असते ते नव्हेत. बिल्डिंग बांधतानाच तिच्या आवारात किती गाड्यांची सोय करायची, एका गाडीला केवढी जागा धरायची, माल चढवायला-उतरवायला किती सोडायची, हे ठरवणारे नियम. रुक्ष आहे, कबूल. पण तुम्ही हल्ली पुण्यात फ्लॅट घेतला असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल, तर या नियमांचे पैसे तुमच्या खिशातून गेलेत किंवा जाणार आहेत. तेव्हा वाचाच.

माझे गेलेत. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या पश्चिमेला टू बीएचके घेतला. पझेशनच्या वेळी किल्ल्यांबरोबर एक कागद हातात आला, 'पार्किंग क्र. ३७'. माझ्याकडे चारचाकी नाही. ऑफिसला कंपनीच्या बसनं जातो, बाकी कामांना स्कूटर आहे. बुकिंगच्या वेळी सेल्सच्या माणसाला विचारलं होतं, "पार्किंग नको असेल तर किंमत कमी होईल का?" मी स्वयंपाकघर नको म्हणतोय अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सर, ते प्लॅनमध्येच असतं."

आता गंमत अशी की तो खोटं बोलत नव्हता. घरी येऊन नियमावली डाऊनलोड केली (शनिवारी दुपारी लोक सिनेमे बघतात, मी हे करतो). मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकच विकास नियंत्रण नियमावली आली. त्यात पार्किंगचा एक तक्ता आहे. डावीकडे इमारतीचा प्रकार, उजवीकडे चारचाकी किती नि दुचाकी किती. फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र जितकं मोठं तितक्या गाड्या जास्त. तुमच्याकडे गाडी आहे का, हा कॉलम तक्त्यात नाही. नकाशा मंजूर व्हायचा तर त्यात तेवढे चौकोन दिसायलाच हवेत.

एक चौकोन अडीच मीटर बाय पाच मीटरचा, म्हणजे १२.५ चौरस मीटर. पण गाडी काही वरून टपकत नाही. तिला आत यायला, वळायला वाट लागते, उतार लागतो. हा सगळा हिशोब धरला की आकडा कुठल्या कुठे जातो. दिल्लीच्या मास्टर प्लॅन २०२१ मध्ये तळघरातल्या एका गाडीमागे ३२ चौरस मीटर धरले होते. म्हणजे सुमारे ३४४ चौरस फूट! आमच्या ऑफिसातली दोन पोरं याच्याहून लहान वन रूम किचनमध्ये भाड्यानं राहतात. १०० गाड्यांचं तळघर म्हणजे ३,२०० चौरस मीटर, पाऊण एकराहून जास्त. हे क्षेत्र एफएसआयमध्ये मोजत नाहीत, पण खोदाई, काँक्रीट आणि लोखंड काही फुकट येत नाही. बिल्डर ते फ्लॅटच्या दरातच घालतो. गाडी असो वा नसो, वर्गणी सगळ्यांना सारखी.

यावर कोर्टकचेऱ्याही बऱ्याच झाल्यात. मुंबईत दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं की स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे वेगळा फ्लॅट किंवा गॅरेज नव्हे, बिल्डरला ती सुटी विकता येणार नाही. उघड्या पार्किंगचे पैसे घेता येत नाहीत, हे महारेरानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं. आणि २०२४ मध्ये सांगितलं की करारात आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, जागा सगळं लिहा. कारण लोक एसयूव्ही घेऊन यायचे आणि ती बीमखाली शिरायचीच नाही, किंवा शिरली तर दार उघडायचं नाही. असो.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. क्षेत्रफळावरून गाड्या काढायची ही रीत आली कुठून? माझ्या खालच्या मजल्यावर नवरा-बायको दोघंही आयटीत आहेत, गाड्या दोन, चौकोन एक. वरच्या मजल्यावर आमच्यापेक्षा मोठ्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त आजी-आजोबा राहतात, गाडी शून्य. क्षेत्रफळ कशाचाच पत्ता लागू देत नाही.

शोधता शोधता डोनाल्ड शुप यांच्यापर्यंत पोचलो. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शहर नियोजनाचे प्राध्यापक होते, फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. या माणसानं आयुष्य पार्किंगवर काढलं आणि २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. त्यातलं एक उदाहरण आपल्या धंद्यातल्या माणसानं वाचायलाच हवं. अमेरिकेतल्या वाहतूक इंजिनिअरांच्या संस्थेचं एक मॅन्युअल आहे, कुठल्या इमारतीला किती पार्किंग लागतं ते सांगणारं. त्याच्या १९८७ च्या आवृत्तीत फास्ट फूडच्या दुकानांना दर १,००० चौरस फुटांमागे ९.९५ जागा लागतात असं दिलंय. दहा नव्हे हं, ९.९५! दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसले की आपल्याला वाटतं कोणीतरी नीट मोजलंय. शुपनी तो आलेख बघितला. १८ दुकानांचे ठिपके, आणि आर-स्क्वेअर ०.०३८. म्हणजे दुकान केवढं आहे यावरून गाड्यांच्या संख्येतला जेमतेम ४ टक्के फरक समजतो. बाकी सगळं रामभरोसे. असा मॉडेल मी रिव्ह्यूला टाकला असता तर आमच्या लीडनं माझी चहाच्या टपरीवर वरात काढली असती. पण असेच आकडे गावोगावच्या नियमांत गेले आणि त्यांवरून शहरं बांधली गेली.

पुढे काही शहरांनी ही सक्ती काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोनं २०१७ मध्ये. त्याच वर्षी मेक्सिको सिटीनं 'कमीत कमी इतकं पार्किंग' ऐवजी 'जास्तीत जास्त इतकंच' असा नियम केला. जपाननं तर १९६२ पासूनच उलट बाजूनं पकडलंय. पार्किंग दाखवायचं गाडी घेणाऱ्यानं. घरापासून २ किलोमीटरच्या आत तुमची जागा आहे असा पोलीस स्टेशनचा दाखला आणा, मग गाडी नावावर होईल. आपल्याकडेही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी असं काहीतरी आणायचं बोलून दाखवलं, तेव्हा ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

'मग काढून टाका पुण्यातही' असं मी म्हणत नाहीये. नुसती सक्ती काढली आणि रस्ता फुकट ठेवला, तर सगळ्या गाड्या रस्त्यावर येतील, हे कळायला प्राध्यापक लागत नाही. माझा मुद्दा त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या एका वाक्याचा आहे, ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

ते वाक्य माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेबद्दल आहे. ऑफिसं, बाजार, मॉल, कारखाने, गोदामं यांना पार्किंगशिवाय वेगळी जागा ठेवावी लागते. पहिले २०० चौरस मीटर माफ, त्यापुढे दर १,००० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक जागा, कमीत कमी ३.७५ बाय ७.५ मीटर. आपल्या सवयीनं टेस्ट केसेस लावून बघा. २०० ला शून्य, २०१ ला एक, १,२०० ला एक, १,२०१ ला दोन. नियम सोपा आहे. आता खाली चार-पाच छोटी दुकानं आणि वर घरं अशी आपली नेहमीची बिल्डिंग घ्या. दुकानं मिळून २०० मीटर भरत नाहीत, मग उत्तर शून्य. किराणाचा टेम्पो, दुधाची गाडी, सगळे उभे राहणार रस्त्यात, मागे हॉर्नचा कल्लोळ. आणि नुसती घरं असतील तर? त्या वाक्यात घरांचा उल्लेखच नाही.

हा साचा घडला तेव्हा घरात माल यायचाच कितीसा? वर्षाकाठी एखादं कपाट, महिन्याचं सिलिंडर. आज आमच्या वॉचमनकाकांचं रजिस्टर बघा. एका शनिवारच्या सकाळचं पान कुरिअर, किराणा, औषधं, जेवणाचे डबे, पाण्याचे जार, सामान हलवणाऱ्यांचा टेम्पो यांनीच भरलेलं असतं. आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीचा नियम आहे की डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या आत नाहीत. बाहेर रस्ता अरुंद, तिथे नो पार्किंग. म्हणजे त्यानं गाडी लावायची कुठे, याचं उत्तर ना आमच्याकडे, ना रस्त्याकडे.

गेल्या पावसाळ्यात बाबांची बायपास झाली. आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे आले. एका संध्याकाळी त्यांची एक गोळी संपत आलेली, मी कॉलवर अडकलेला, म्हणून ॲपवरून मागवली. मुलगा पाऊण तासात आला. वीस-बावीसचा असेल, रेनकोटातून पाणी निथळतंय. लिफ्टनं नवव्या मजल्यावर येऊन, ओटीपी घेऊन खाली गेला तेवढ्यात टोइंगची गाडी आली आणि त्याची बाईक उचलून गेली. मी खाली पोचलो तेव्हा तो गेटपाशी फोन कानाला लावून उभा होता. पुढच्या दोन ऑर्डरी बॅगेत तशाच. दंड, टोइंगचे पैसे आणि ती अख्खी संध्याकाळ. मी पैसे पुढे केले. आधी नको म्हणाला, मग घेतले. जाताना म्हणाला, "सर, तेवढं रेटिंग फाइव्ह स्टार द्या."

तिथून पंचवीस पावलांवर माझा ३७ क्रमांकाचा चौकोन. कोरडा, झाडलेला, रिकामा. कायद्यानं सक्तीनं बांधलेला, मी पैसे मोजलेला. आमच्या स्टिल्टमध्ये दुपारी चक्कर मारलीत तर झोपलेल्या गाड्यांना प्रत्येकी १२.५ चौरस मीटर आहे, आणि ज्या गाड्यांच्या जिवावर आमची घरं चालतात त्यांना टाचेएवढी जागा नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला. माझा चौकोन डिलिव्हरीवाल्यांना द्यायला तयार आहे म्हणालो. सेक्रेटरींनी लगेच थांबवलं, "असं बाहेरच्याला देता येत नाही. मिळालेली जागा तुमच्या गाडीसाठी आहे, दुसऱ्याच्या हवाली करायचा हक्क तुम्हाला नाही." हे मला माहीत नव्हतं, पण बरोबर होतं. मग अध्यक्षकाका म्हणाले, "आज बाईक आत घेशील, उद्या टेम्पो येतील. संध्याकाळी पोरं खेळत असतात. एखाद्याला लागलं तर?" मला आधी राग आला, पण काकांचं चुकत नव्हतं. आमच्या मुलांना खेळायला ड्राइव्हवेशिवाय जागा नाही, कारण बाकीच्या जागेवर पुन्हा... चौकोनच आहेत.

तोडगा सातव्या मजल्यावरच्या काकूंनी काढला. त्यांच्या मुलीनं घर बदललं तेव्हा टेम्पोवाल्याशी रस्त्यावर उभं राहून त्याच भांडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेटच्या आत लगेच डावीकडे पाहुण्यांच्या दोन जागा आहेत ना? पाहुणे येतात रविवारी. त्यातल्या एकीवर पिवळा पट्टा मारा. पंधरा मिनिटं, फक्त सामान उतरवायला. पोरं खेळतात त्या बाजूला कोणी जाणारच नाही." अर्धा तास वाद झाला. पट्ट्याचा रंग पिवळा की पांढरा यावर दहा मिनिटं (पुणेच ते!). शेवटी तीन महिने करून बघायचं ठरलं. खर्च एक डबा रंग.

आता दुसरा महिना चालू आहे. दोन बाईक एका वेळी मावतात, छोटा टेम्पो आडवा-तिडवा बसतो. एक सभासद तिथे स्वतःची गाडी लावून रात्रभर झोपतात, त्यांना वॉचमनकाका रोज उठवतात. एवढं सोडलं तर बरं चाललंय.

राज्याच्या नियमावलीत 'निवासी' हा शब्द त्या वाक्यात कधी घातला जाईल, ते सरकार जाणे. हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी पाठवणार आहे, तुम्हीही पाठवा. तोपर्यंत फ्लॅट बघायला जाल तेव्हा एक करा. सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या फळांचं कौतुक झालं की मंजूर नकाशा मागा. माझा चौकोन कुठे आहे, हे तर बघाच. पण सेल्सच्या माणसाला आणखी एक विचारा, "आम्ही राहायला येऊ त्या दिवशी फ्रिजचा टेम्पो कुठे उभा राहील?"

काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. :-)