एक गुंठा, एक टँकर

शेतावरचं या आठवड्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. राब भाजून झाले, बांधातली खेकड्या-उंदरांची बिळं बुजवली, बियाणं घरात येऊन पडलंय. आता आभाळाकडे बघत बसायचं. म्हणून आज एका भिंतीबद्दल लिहितो. येणार शेवटी खाचरावरच, काळजी नको.

पुतण्या पाचवीत असताना त्याला राणीच्या बागेत नेलं होतं. वाघ बघायचा त्याचा हट्ट. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालापासूनचं, तिथे उन्हातून जरा टेकावं म्हणून शिरलो. वरच्या मजल्यावर मुंबईच्या इतिहासाचं दालन. सात बेटं आणि मधलं पाणी. भराव टाकून ती एक केली हे शाळेत घोकलं होतं, पण बघितलं तिथे. पोरगं म्हणालं, "काका, मधलं पाणी कुठे गेलं?"

उत्तर मला माहीत होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भिवंडीतही लूमच्या कारखान्यांत पाणी शिरलं होतं. आम्ही निजामपुऱ्यातली माणसं रात्रभर सुताची बाचकी माळ्यावर चढवत होतो. पाण्याला बसायला जागा हवी. ती आपण घेतली की ते आपल्या घरात येऊन बसतं.

तो नकाशा डोक्यात राहिला. वाटलं, असला नकाशा आपल्याही भागाचा हवा, आणि तो मुंबईला जाऊन बघायचा नाही, रोज येता-जाता दिसायला हवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून गावोगाव जाते, तीही चांगली गोष्ट. पण बस संध्याकाळी निघून जाते, भिंत जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी एका कंपाउंडची भिंत मागून घेतली. चित्र काढायला बाहेरचा कलाकार कशाला? आमच्या लावणीला येणाऱ्या दोघी बहिणी वारली आहेत, लग्नघरी चौक लिहितात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली म्हणून ही चित्रं आपल्याला ठाऊक, पण मुळात ती बायकांच्या हातची. काही जण म्हणाले, हौसेनं फुकट काढतील. मी म्हटलं, तुम्ही हौसेनं फुकट लूम चालवता का? लावणीच्या मजुरीपेक्षा जास्त दिली, वर जेवण.

थोरलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, नाच काढू का पाणी काढू?"

पाणी, म्हटलं.

कामवारी नदी काढली, तिला मिळणारा नाला काढला आणि आजूबाजूची खाचरं, म्हाताऱ्यांनी सांगितली तशी. पहिला हात गेरू आणि तांदळाच्या पिठाचा. तो अवकाळीच्या एका सरीत वाहून गेला. मग बाहेरच्या भिंतीचा रंग आणला. २००५ च्या पाण्याची रेघ कुठे मारायची यावर मात्र भांडण. शेवटी शेजारचे चाचा भिंतीला पाठ लावून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथे. मी उभा होतो त्यात."

खाचरांशेजारी टँकरांची रांग काढलीय. तो हिशोब माझा. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. बांधात १० सेंटीमीटर पाणी उभं राहिलं की झालं दहा हजार लिटर, म्हणजे मोठा एक टँकर. एकराचे चाळीस. कृषीवाले मित्र लगेच म्हणतील, पाणी सतत उभं ठेवलं की मिथेन. खरंय. जमेल तेव्हा मीही मध्ये खाचर सुकवून घेतो. पण इथे गोष्ट मुसळधारेच्या पाच-सहा तासांची आहे. तेवढा वेळ बांधानं पाणी धरलं तर नाल्याला दम मिळतो.

जिथे भराव झाला, तिथे बहिणींनी काळे चौकोन काढले. गोदामं. त्यातला नदीकडचा एक चौकोन माझा. बहिणीच्या लग्नाला आणि सोसायटीच्या कर्जापायी बावीस गुंठे दिले होते. पुतण्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, हे बावीस टँकर आता कुठे जातात?" चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. त्यांचा कारखाना त्याच उताराला आहे.

भिंतीमुळे भराव थांबला, असं सांगणार नाही. गोदामाचं भाडं दर महिन्याला येतं, भात वर्षातून एकदा. पण नाल्याचं तोंड मृगाआधी साफ झालं. दोन कारखानदारांनी ट्रॉली दिल्या. निघालं काय, तर चिंध्या, सुताचा गुंता आणि प्लास्टिक. माझ्या शेजारच्या शेतात भराव पडणार होता. त्या मालकाला भिंतीसमोर आणून उभं केलं, चाचाही आले. भराव पडला, पण खालून मोरीचे पाइप टाकून. माझ्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

गेल्या पावसात पाणी चाचांच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. पाऊस कमी होता की मोरी कामाला आली, कोण जाणे. भिंतीचा उजवा कोपरा बहिणींनी मोकळा ठेवलाय. लावणीला आल्या की यंदाची रेघ मारणार आहेत. चाचांनी रंगाचा डबा आत्ताच आणून ठेवलाय.