डाळजच्या काठावर लुंगीची पारख

पुण्याहून सोलापूरकडे निघालात आणि भिगवण मागे पडले की डाव्या हाताला झाडांच्या फटींतून पाणी चमकू लागते. ते उजनीचे पाणी. धरणाची भिंत तिकडे लांब, माढा तालुक्यात. पण भीमेचा फुगवटा पार इथवर आला आहे. या पट्ट्यात डाळज आहे. एक नव्हे, तीन. डाळज नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. तुम्ही कधी पाहुणे म्हणून आलात तर आधी नंबर विचारून घ्या, नाहीतर माझ्यासारखे भर उन्हात दुसऱ्याच डाळजात जाऊन भलत्याच माणसाच्या ओसरीवर चहा पीत बसाल. चहा मात्र तिथेही मिळतो.

उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले. नदीकाठची काळी रानं, वस्त्या, देवळे पाण्याखाली गेली. शेजारच्या पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ पाणी फार आटले म्हणजे वर दिसू लागते, आणि मग लांबलांबून माणसे ते पाहायला येतात. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शहरातल्या गाड्या येतात. आमच्यासारखा विस्तार अधिकारी येतो तो मात्र मे महिन्यात, ऊस आणि केळी पाण्याला आल्यावर. त्या वेळी इथे बघण्यासारखे दुसरेच काही असते.

मे महिन्यात पाणी रोज मागे सरते. काल काठावर असलेली मोटार आज कोरड्यात येते. मग चार-पाच जणांनी चिखलात उतरायचे, पाइप उचलायचे, मोटार पुढे सरकवायची, केबल लांबवायची. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मी काठावरच्या बाभळीखाली उभा होतो आणि चौघे जण पाइप घेऊन चिखलातून चालले होते. एकाच्या अंगात धोतर, काष्टा घट्ट मारलेला. दुसऱ्याने लुंगी दुमडून गुडघ्यावर बांधलेली. तिसरा हाफ पँटीत आणि चौथा पोरगा खेळाडू घालतात तसल्या पायजम्यात. मधेच लुंगीवाल्याची गाठ सुटली. त्याने एक हात पाइपावरून काढून लुंगीला लावला, पाइप झुकला, पुढच्याचा पाय घसरला आणि तो कमरेइतक्या गाळात बसला. सगळे हसले. मीही हसलो. पाइपाऐवजी मोटार हातात असती तर हसू आले नसते.

संध्याकाळी वस्तीवर बसलो असताना धोतरवाले आबा म्हणाले, "साहेब, बियानं कुठलं घ्यायचं सांगता, खत कुठलं सांगता. मग अंगावर काय घ्यायचं त्ये बी सांगा की. मागल्या बाजारात पोरानं गाड्यावरनं लुंगी आणली. दोन धुण्यांत तिचं मासं धरायचं जाळं झालं."

प्रश्न रास्त होता. शेतकऱ्याच्या अंगावर वर्षभर जो कपडा असतो त्याची पारख कुणी कुणाला शिकवत नाही. लग्नाच्या कपड्याला सगळे घर दुकानात जाते, रोजची लुंगी मात्र मिरच्या घेता घेता उचलली जाते. दुसऱ्या दिवशी आबा, त्यांचा मुलगा आणि मी भिगवणला गेलो. त्या दुकानात जे पाहिले ते सांगतो; तुम्हीही आपल्या बाजारात करून पाहा.

दुकानदार आधी चकचकीत घडी समोर टाकतो. घडीवर भुलू नका. उलगडायला सांगा आणि उजेडाकडे धरा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे दाट, कुठे विरळ पट्टे दिसले तर ती बाजूला ठेवा. मग कापडाचा कोपरा दोन बोटांत जोराने चोळा. पांढरी पूड झडली तर ती खळ आहे. खळीने विरळ कापडालाही अंग येते आणि पहिल्याच धुण्यात ते अंग पाण्याबरोबर निघून जाते. आबांची लुंगी जाळे झाली ती अशीच.

दुकानदार साठ नंबर, ऐंशी नंबर असे आकडे सांगतो. हा सुताचा काउंट. आकडा मोठा म्हणजे सूत बारीक. पुष्कळांना वाटते की मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ. बारीक सुताची लुंगी अंगाला मऊ लागते, गावाला जाताना शोभते. पण रानातल्या कामाला चाळीस नंबरची जाडसर लुंगीच बरी. पैसेही कमी पडतात.

सूत की मिश्र हे ओळखायचे असेल तर कडेचा एक धागा ओढून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटाने चुरडते. मिश्र धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापड लवकर वाळते, म्हणून दिवसातून चार वेळा पाण्यात उतरणाऱ्या कोळी बांधवाला ते सोयीचे असेल, मी नाही म्हणत नाही. पण चुलीपाशी, गुऱ्हाळावर, पाचट पेटवताना ते अंगावर नको. पेटले तर वितळून कातडीला चिकटते. (पाचट पेटवूच नये, ते कुजवावे, हे मी तुम्हाला दरवर्षी सांगतो. असो.)

रंगाची परीक्षा सोपी आहे. खिशातला पांढरा रुमाल ओला करून लुंगीवर घासा. रुमाल रंगला तर घरातले बाकीचे कपडेही रंगणार. आणि केळीवाल्यांनी गडद, तपकिरी नाहीतर काळपट चौकड्याच घ्याव्यात. केळीचा चीक पडला की डाग जन्मभर राहतो. आबांच्या सूनबाईंनी हे मला आधीच बजावले होते. धुणे त्यांच्या वाट्याला असते, म्हणून कपड्याच्या बाबतीत त्यांचे मत मी माझ्या पदवीपेक्षा मोठे मानतो.

मापाला बहुतेक जण चुकतात. लांबी साधारण दोन मीटर असते. पोट सुटलेल्या माणसाने सव्वादोन मागावी. कमरेला गुंडाळल्यावर एकावर एक किमान हातभर पदर आला पाहिजे, नाहीतर बांधावरून उडी मारताना फजिती होते. उंचीला बेंबीपासून घोट्यापर्यंत येऊन वर चार बोटे जास्त असावी, कारण सुती कापड धुतल्यावर आटते. शिवलेली की उघडी हा आवडीचा प्रश्न आहे. शिवलेली वाऱ्याने उडत नाही. उघडीचा काष्टा मारता येतो, गवताचा भारा बांधता येतो, उन्हात डोक्यावर घेता येते. आबांनी उघडी घेतली, मुलाने शिवलेली. कुठलीही घ्या, कामाला जाताना नुसत्या गाठीवर विसंबू नका. करदोड्याखाली खोचा किंवा वरून जुना पट्टा आवळा. त्या पाइपवाल्याच्या कमरेला पट्टा असता तर पुढचा माणूस गाळात बसला नसता.

आता पैशाचे. समजा, एक लुंगी दीडशेला मिळाली आणि चार महिन्यांत फाटली. दुसरी तीनशेला मिळाली आणि वर्षभर टिकली. पहिलीचा महिन्याचा खर्च साडेसदतीस रुपये, दुसरीचा पंचवीस. हा हिशेब आपण बैलाच्या बाबतीत करतो, टायरच्या बाबतीत करतो, लुंगीच्या बाबतीत करत नाही. उलट नुसते महाग म्हणजे चांगले असेही नाही. नावाचा छाप असलेल्या लुंगीत पुष्कळदा छापाचेच पैसे जातात. इरोडची लुंगी, इचलकरंजीचे धोतर, सोलापूरचा टॉवेल ही नावे खरी आहेत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून ते गाव कापडावर जगते. पण गावाच्या नावाची चिठ्ठी कोणीही चिकटवू शकतो. बोटांनी चोळल्याशिवाय चिठ्ठीवर विश्वास नको.

एक गंमत सांगतो. दुकानातून परतल्यावर आबांच्या नातवाने मोबाइलवर फोटो दाखवला. त्याचा मित्र स्कॉटलंडमध्ये शिकायला आहे. तिथल्या कुणाच्या लग्नात तो गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा, चुण्यांचा घेर नेसून उभा होता. त्याला किल्ट म्हणतात. तिथल्या पुरुषांचा तो परंपरेचा पोशाख. आबांनी फोटो जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "आरं, ह्ये तर आपल्या लुंगीचंच भावंड!" ते फार चुकले नाहीत. जुना किल्टही न शिवलेला, लांबच लांब लोकरी कपडा होता. कमरेला पट्ट्याने आवळून उरलेला भाग खांद्यावर टाकत. पुढे तो आटोपशीर झाला, खालचा घेर तेवढा राहिला. 1746 मध्ये तिकडच्या सरकारने डोंगरी लोकांच्या या पोशाखावर बंदी घातली होती, ती 1782 मध्ये उठली. आजही चांगल्या लोकरी किल्टला आठ वार कापड लागते आणि किंमत भारी पडते, म्हणून तो लग्नकार्याला आणि रोजच्यासाठी हलका, स्वस्त असे तिकडचे लोकही करतात. आपल्याकडे धोतर देवळाला आणि लुंगी रानाला, तसेच.

इथवर गमतीचे झाले. आता जे सांगायचे ते माझ्या जिवाला लागलेले आहे.

बारामती-इंदापूर भागात दुधाचा धंदा आहे, म्हणून गोठ्यागोठ्यात कडबा-कुट्टी यंत्र आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात, गावाचे नाव सांगत नाही, मी स्वतः कुट्टीचे प्रात्यक्षिक दिले. कुट्टी केल्याने वैरण किती वाचते, मुरघास कसा करायचा, हे सगळे तासभर बोललो. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लुंगीत नाहीतर धोतरात होते. त्यावर मी एक शब्दही बोललो नाही. माझ्या डोक्यातच आले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यापैकी एकाच्या लुंगीचा सोगा मोटारीच्या पट्ट्यात गेला. पट्ट्यावर जाळी नव्हती. पुलीने सोगा ओढला, त्याबरोबर माणूस ओढला गेला. उजव्या पायाची तीन बोटे गेली आणि टाच कायमची अधू झाली. मी दवाखान्यात भेटायला गेलो. तो काही म्हणाला नाही. उलट त्याच्या बायकोने मला खुर्ची पुसून दिली.

मळणी यंत्रात हात जाण्याचे प्रकार देशात इतके झाले की 1983 मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. कायदा यंत्राकडे पाहतो; कमरेला काय आहे ते आपणच पाहायचे. म्हणून स्पष्ट सांगतो. लुंगी कितीही चांगली असो, कुट्टी, मळणी, ट्रॅक्टरचा फिरता दांडा आणि उघडा पट्टा यांच्याजवळ ती नको. धोतर नको, पंचा नको, खांद्यावरचे उपरणे नको, लोंबता टॉवेलही नको. तिथे पायाला बेताची बसणारी जुनी पँट, बाह्या दुमडलेला सदरा, आणि पट्ट्याला जाळी. बायकांनी यंत्रापाशी पदर खोचावा, वेणी बांधून घ्यावी. सदऱ्याची जुनी पँट फेकू नका, तिला हेच काम द्या.

फवारणीचेही तसेच. सुती लुंगी पाणी शोषते तशी औषधही शोषते, आणि उघड्या पोटऱ्यांवरून ते अंगात जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारताना पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, पायात बूट. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा.

रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला जाताना लुंगी घातली तरी पायात गमबूट हवेत. घोणस लुंगी की पँट हे विचारत नाही. आणि पाण्याकाठच्या मंडळींना आणखी एक. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दोष वाऱ्याचा होता, कुणाच्या कपड्याचा नाही. पण होडीत बसताना धोतर-लुंगी वर खोचून घ्यावी, आणि तरंगण्याचे जाकीट अंगावर चढवल्याशिवाय नावाड्याला वल्हे उचलू देऊ नये.

तरी लुंगीचे आणि धोतराचे गुण मी नाकारत नाही. मे महिन्यात ओसरीवर, बैठकीला, बाजाराला, हलक्या कामाला यांसारखे सुख नाही. वारा खेळतो, जांघेत गजकर्ण होण्याची भीती कमी राहते. आणि कपडा जुना झाला तरी वाया जात नाही. आबांच्या घरात जुन्या धोतराची दुपटी झाली, त्यातून उरले त्याचे गोधडीला अस्तर झाले, तुकड्याची चुंबळ झाली. मिश्र कापडाचे यातले काही होत नाही; ते बाळाच्या अंगाला टोचते.

निघायच्या दिवशी सकाळी मी वैरण बघायला गोठ्यात डोकावलो. आबांचा मुलगा नवी लुंगी नेसून आला होता, तपकिरी चौकड्यांची, पट्टा आवळलेला. कुट्टी यंत्राशेजारच्या खांबाला खिळा ठोकून एक विटकी खाकी पँट अडकवलेली दिसली. तिचा एक गुडघा ठिगळ लावून शिवला होता. मी विचारायच्या आधीच सूनबाई शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाल्या, "ती आंगात चढल्याबिगर बटन दाबू देत नाही मी. घरात मोठा कोन हाय ते मशीनला म्हाईत नसतं."

मुलाने लुंगी सोडून खिळ्यावर अडकवली आणि पँट चढवली. मग मोटार चालू झाली.