भोकाची जागा

द्राक्षाच्या खोक्याला भोक कुठं पाडायचं, या एका प्रश्नात माझी धंद्यातली निम्मी हयात गेली. कागद, गम, क्रीझिंग यांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. भोकावर कुणी बोलत नाही. यंदा हंगामाच्या तोंडावर साखरेनं माझ्या उजव्या अंगठ्याची जाणीव गेली. मशिनवरून उतरलेली पुठ्ठ्याची प्लेट दाबली की फ्लूट, म्हणजे आतला नागमोडी कागद, कुठं बसलीय ते हा अंगठा सांगायचा. आता ते काम पुतणीकडं दिलंय. ती मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमधून शिकून आली आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, “काका, भोकं इथंच का?” म्हणून लिहायला बसलो.

भोक हवंच. निफाड-पिंपळगावच्या बागांतला माल प्रीकूलिंगला लागला की घडातली उष्णता काही तासांत निघून तापमान शून्य-एक अंशावर यायला लागतं. गार हवेला आत शिरायला वाट पाहिजे. पण भोक पाडलं की तेवढ्या उभ्या फ्लूट तुटतात, आणि वरचा भार त्याच पेलत असतात. बाजूच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांच्या आसपास भोकं ठेवायची, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती कुठं ठेवायची, इथं घोडं अडतं.

६० बाय ४० सेंटिमीटरचा, युरोपला जाणारा खोका घ्या. १२० बाय १०० च्या पॅलेटवर एका थरात असे पाच बसतात, तीन उभे आणि दोन आडवे. तिघांच्या आखूड बाजू दोघांच्या लांब बाजूंना भिडतात. आखूड बाजूच्या मधोमध भोक पाडलंत, तर तिघांतल्या मधल्याचं भोक बरोबर समोरच्या दोन खोक्यांच्या सांध्यावर येतं. हवा तिथंच कोंडते. मी पहिलं भोक कोपऱ्यापासून १० सेंटिमीटरवर घेतो आणि पुढं दर २० वर एक. आखूड बाजूला दोन, लांब बाजूला तीन. मग खोका कसाही फिरवून ठेवा, भोकासमोर भोकच येतं.

हा हिशेब मी गोडाऊनच्या फरशीवर खडूनं मांडला होता. त्याचा तोरा अजून उतरलेला नाही. पुढं तालुक्यातल्या काहींनी माझी डाय जशीच्या तशी उतरवली. चिडलो खरा, पण त्यांच्या खोक्यांवर माझी मापं दिसली की आतून सुखावतो. बाजारात रिकामा खोका दिसला की आधी उलटा करून तळाच्या फ्लॅपवर आपलं नाव शोधतो. ही हाव वयानं कमी झाली नाही.

जागा सुटली, आकार मात्र सुटत नाही. उभट भोक आडव्यापेक्षा कमी फ्लूट कापतं. पण द्राक्षाच्या खोक्याला उंची जेमतेम. भोक लांबवलं की त्याचं टोक पुठ्ठा दुमडतो त्या क्रीझजवळ जातं आणि फाट तिथूनच सुरू होते. शीतगृहातला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर असतो. त्या हवेत कागद पाणी पितो आणि खोक्याची ताकद निम्म्यावर येते. न्हावाशेवा ते रॉटरडॅम, तीन-चार आठवडे तळचा खोका हे सोसत जातो. पुतणी मॅकीचं १९६३ चं सूत्र मांडते. त्यात कडेची ताकद आहे, पुठ्ठ्याची जाडी आहे, खोक्याचा घेर आहे, पण भोक नाही. म्हणून आम्ही वेगवेगळ्या भोकांचे नमुने दमट खोलीत ठेवून चेपून बघतो. फुगवटा दर वेळी भोकाशेजारूनच उठतो. भोक अरुंद करावं तर हवा कमी पडते, रुंद करावं तर भिंत बसते. मधलं माप मला अजून सापडलेलं नाही.

इकडं गिऱ्हाईक छपाई बघतं. रंगीत घड ठसठशीत उठावा म्हणून छापताना दाब वाढवतात आणि फ्लूट चेपते. एकदा चेपलेली फ्लूट पुन्हा उभी राहत नाही. कुणी बीएफचा मोठा आकडा दाखवून माल खपवतं. बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर, सांगतो वजनाच्या मानानं कागद किती दाबानं फुटेल. थप्पीतल्या खोक्याला लागते ती कडेची उभी ताकद. शिवाय आपल्याकडचा क्राफ्ट बहुतांशी रद्दीचा, आणि फेरागणिक त्याचा तंतू आखूड होत जातो. पॅकहाऊसमध्ये तर ढीग हलू नये म्हणून थर सांधेमोड करून रचतात. कोपऱ्यावर कोपरा बसत नाही आणि जवळपास निम्मी ताकद फुकट जाते. ढीग हलू नये यासाठी पट्ट्या आहेत, कोपऱ्यांना लावायचे अँगल आहेत. ते वापरा.

बागायतदारांना एकच विनंती आहे. खोक्यांची ऑर्डर देण्याआधी पाच रिकामे खोके पॅलेटवर थरासारखे मांडा आणि वाकून भोकातून बघा. पलीकडचा उजेड दिसला नाही, तर दर कितीही कमी असो, ते खोके घेऊ नका.