हगादेचा समास



माझी नात इथे पिस्कॅटवेलाच, रटगर्समध्ये शिकते. परवा जेवताना तिने एका बाराव्या शतकातल्या लॅटिन बायबलच्या पानाचा फोटो दाखवला. मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ वचनं, ओळींच्या मध्ये बारीक शब्दार्थ आणि दोन्ही समासांत जुन्या आचार्यांची टीका. या टीकेला 'ग्लोसा ऑर्डिनारिया' म्हणतात. ती रचण्यात उत्तर फ्रान्समधल्या लाँ गावच्या आन्सेल्मचा मोठा हात. तो १११७ साली वारला. आपले राशी त्याच मुलखात, त्रॉयला, ११०५ साली वारले.

मी म्हटलं, "अगं, ही तर माझ्या आजीची हगादा!"

आपल्याकडे हिब्रू-मराठी हगादा १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली, तिच्यात साड्या नेसून मात्सा करणाऱ्या बायका आहेत. आजीची प्रत त्यानंतरची, साधी. पण समासात तिची पेन्सिल. कोणत्या साली सेदरला कोण नव्हतं ते. एका ठिकाणी, "इथे थांबणे, पोरं पेंगतात."

अमेरिकेला निघण्यापूर्वी मी ती बांधायला टाकली. बाइंडरने कडा सारख्या कापून आणल्या. आता तिथे "इथे थां" एवढंच उरलंय. आजीचं नाव असलेलं पहिलं पानही गेलं. चाळीस वर्षं नर्सिंग केलं, केसपेपरच्या कडेला लिहिलेल्या एका ओळीची किंमत मला ठाऊक होती. तरी बाइंडरला सांगायचं सुचलं नाही.

नात म्हणाली, ती बायबलं बहुतेक मठांच्या मालकीची. पुस्तकावर मठाचं नाव, कधी चोरणाऱ्याला शापसुद्धा. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले, पुस्तकं विखुरली. नील कर या अभ्यासकाने १९४१ साली कोणतं पुस्तक कोणत्या मठाचं याची यादी छापली, तेव्हा असल्या नावांचाच मोठा आधार झाला.

आपणही विखुरलोच की! नवगावहून मुंबई, मुंबईहून इस्रायल, इथे. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. माझ्यामागे ही हगादा कुणाच्या हाती पडली, तर ती कुणाची हे त्याला कसं कळणार?

काल मी आतल्या कोऱ्या पानावर आजीचं नाव, गाव, मग आईचं, माझं आणि नातीचं लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीतही. शाप नाही लिहिला. तिच्या हाताखाली एवढंच लिहिलं : कडा कापू नयेत.

तुमच्या घरची हगादा या पेसाखला उघडाल, तेव्हा आधी पहिलं पान बघा. कोरं असेल तर पेन्सिल घ्या.