कपाटाच्या दोन वह्या

खानदेशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते बहुधा हेडसरांच्या खुर्चीमागे, भिंतीला पाठ लावून उभं असतं. राखाडी पत्र्याचं, चार फळ्यांचं, कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘ग्रंथालय’ लिहिलेलं. डोक्यावर पृथ्वीगोल, गुंडाळलेले नकाशे, लेझमांची पिशवी. उजव्या दाराला पोचा पडलेला, म्हणून कुलूप लावताना गुडघा टेकवावा लागतो. किल्ली हेडसरांच्या जुडग्यात, पोषण आहाराच्या कोठीच्या किल्लीशेजारी. त्या किल्लीनं रोज तांदूळ निघतो. हिची आठवण १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला होते.

स्वभावानं हे कपाट जुन्या सावकारासारखं. येईल ते मोजून घेणार, देताना हात आखडणार. पण दोष त्याचा नाही. प्रत्येक पुस्तकावर शिक्का, दाखल क्रमांक आणि साठा नोंदवहीत एक ओळ. बदली झाल्यावर चार्ज देताना एखादं पुस्तक कमी भरलं, तर भरपाई कोणाच्या पगारातून? गुरुजींची ही धास्तीच कपाटाच्या अंगात उतरलेली असते.

पोटात काय काय आहे? १९८७च्या खडू-फळा मोहिमेच्या काळातली काही पुस्तकं, ‘श्यामची आई’च्या सात-आठ प्रती, बालभारतीनं १९७१मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’चे सुटे अंक, आणि कुणा दात्यानं तिसरी-चौथीच्या पोरांना भेट दिलेली स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं. एप्रिलात पत्रा तापला की दार उघडताच डांबरगोळ्यांचा भपकारा येतो. वाळवी आणि कसर एवढ्यांनाच इथं नोंद न करता पुस्तक मिळतं.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९मध्ये प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं असं सांगितलं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूदही झाली. कपाट भरायची सोय झाली. वाचायला लावायचं काम उरलं.

ते काम कसं करायचं, हे याच मुलखात कधीच दाखवून झालंय. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. हे आपल्यासाठी लिहिलंय, असं पोराला एकदा वाटलं की ‘वाच’ म्हणून मागे लागावं लागत नाही.

दुसरी वाट कानाची. आसोद्याच्या बहिणाबाईंनी अक्षरओळख नसताना गाणी रचली. त्यांचं पुस्तक झालं १९५२ साली, त्या गेल्यावर. इथलं मूल घरी अहिराणी बोलतं, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी. पुस्तकातली मराठी आधी त्याच्या कानावरून जावी लागते. हे ओळखलेली बाई वर्गात गोष्ट मोठ्यानं वाचते, वाघ झोपडीच्या दाराशी आला की पुस्तक मिटते आणि म्हणते, ‘‘पुढचं कपाटात.’’ मधल्या सुट्टीत कपाटापुढे ही झुंबड! ‘‘बाई, हाई पुस्तक मी घर लई जाऊ का?’’

बाई हो म्हणाली की कपाटाला दुसरी वही मिळते : देवघेव नोंदवही. ती सांभाळते पाचवीतली एक मुलगी. आखलेले रकाने, शिसपेन्सिलीतली नावं, खाडाखोड. आता दोन्ही दारं दिवसभर उघडी असतात. पातळ पुस्तकं वर्गात सुतळीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी लटकतात. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणीला सुरुवात झाली की वर्गातली हजेरी रोडावते, पण पुस्तक वावरापर्यंत गेलेलं असतं. संध्याकाळी आजी ऐकते आणि मधेच अहिराणीत वाघाला शिव्या घालते. पुस्तक परत येतं ते हळदीचे डाग घेऊन, कधी महिन्या-दीड महिन्यानं. एखादं येतच नाही. त्याच्यापुढे शेरा असतो, ‘मामाच्या गावी आहे.’

तपासणीला साहेब येतात आणि साठा नोंदवही मागतात. वहीत पुस्तकं भरपूर, फळ्या निम्म्या रिकाम्या. हेडसर मुकाट्यानं दुसरी वही पुढे सरकवतात. दोन वह्यांचा मेळ घालताना साहेबांचं बोट त्या मामाच्या गावावर थांबतं, आणि तेवढ्यापुरती तपासणी सैल पडते. वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं. न उघडता जुन्या झालेल्या पुस्तकासाठी मात्र दोन्ही वह्यांत रकाना नाही.