कापसाच्या नावांची गोदावरी

हैदराबादहून उत्तरेचं रान गाठायचं तर उप्पल-भोंगीरवरून वरंगळ, पुढे परकाल. भूपालपल्लीच्या कोळसाखाणी मागे पडल्या की सागवान सुरू होतं आणि महादेवपूरनंतर ते अगदी रस्त्याला भिडतं. काळेश्वरम् येतं. एकाच शाळुंकेतल्या दोन लिंगांचं दर्शन घेऊन मी संगमावर उतरलो. गढूळ प्राणहिता आणि तिच्यापुढे रोडावलेली गोदावरी. समोर महाराष्ट्र, सिरोंचा.

मला इथवर ओढून आणलं ते दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जलमार्गानं. धवळेश्वरम्‌चा बंधारा 1852 मध्ये पुरा करणाऱ्या आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा थेट बंगालच्या उपसागराला न्यायचं ठरवलं. परतताना नावांनी मीठ आणायचं. कागदावर सोपं. प्रत्यक्षात नदी तीन ठिकाणी खडकांनी अडवलेली : दुम्मागुडेम, इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली आणि प्राणहितेवर अहेरीजवळचं देवलमरी. अशा जागी माल उतरवायचा, काठाकाठानं न्यायचा, पलीकडे पुन्हा भरायचा. त्यात नदीला नावाजोगं पाणी पावसाळ्यात आणि नंतरचे थोडे महिने. कॅप्टन हेग या अभियंत्यानं अशा मुलखात वर्षानुवर्षं बंधारे, कालवे बांधले. दगड फोडणारे, गाळ उपसणारे हात मात्र इथल्याच माणसांचे. त्यांची नावं कुठे सापडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

या मार्गासाठी नकाशासुद्धा बदलला. 1860 च्या तहात निजामानं गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना दिला, नदीवरच्या मालाची जकात माफ केली; बदल्यात नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आणि रायचूर दोआब त्याला परत मिळाला. धाराशिवच्या शेतकऱ्याचं राज्य बदलायला इतक्या दूरची ही नदीही कारण झाली! त्याच साली अपर गोदावरी जिल्हा निघाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं झालं. तिथला साहेब ग्लासफर्ड. त्याच्या नावाचं ग्लासफर्डपेठा हे गाव तालुक्यात आजही आहे.

अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस थांबला तेव्हा या कामाला जोर आला. पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, कापूस मुंबईकडे वळला आणि 1871 मध्ये हे काम सोडून दिलं गेलं. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा उरला.

पूल ओलांडून सिरोंचात शिरलो. चहाच्या टपरीवर एका वाक्यात तेलुगू, दुसऱ्यात मराठी. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दोनशेच्या वर किलोमीटर लांब, वरंगळ त्याहून जवळ. नावांच्या मार्गासाठी मुख्य ठाणं झालेल्या गावाला नावा गेल्यावर आपल्याच जिल्ह्यात असं कडेला बसावं लागलं, हे मला खटकतं. आता संगमाखाली मेडीगड्डाचा बंधारा आहे, 2019 चा. त्याचं पाणी उपसून तेलंगणाच्या शेतांकडे न्यायचं होतं. 2022 च्या पुरात सिरोंचाकडची पिकं बुडाली आणि 2023 मध्ये बंधाऱ्याचे खांबच खचले. टपरीवर नदीचा विषय काढला, तर तासभर बोलणं झालं ते याच बंधाऱ्याचं, बुडालेल्या कापूस-मिरचीचं आणि भरपाईचं.